स्वातंत्र्य वृत्तपत्राचे की मालकाचे?

२५ ऑक्टोबर २०२४ रोजी, अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीला अवघे अकरा दिवस उरले असताना, 'वॉशिंग्टन पोस्ट'ने आपण कोणत्याही उमेदवाराचा पुरस्कार करणार नाही असे जाहीर केले. कमला हॅरिस यांना पाठिंबा देणारा अग्रलेख संपादकीय विभागात तयार होता; मालक जेफ बेझोस यांच्या निर्णयाने तो अडला. दोन लाखांहून अधिक वाचकांनी वर्गणी रद्द केली. मालकांचे मन पालटले नाही. उलट फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी फर्मान काढले की, यापुढे पत्राची मतपृष्ठे व्यक्तिस्वातंत्र्य आणि खुली बाजारपेठ या दोन तत्त्वांचा कैवार घेतील. विरोधी मते इतरांनी छापावीत. मतपृष्ठाच्या संपादकाने पद सोडले.

यावर एक ठराविक उत्तर ऐकू येते. बेझोस यांनी हे पत्र २०१३ साली २५ कोटी डॉलर मोजून विकत घेतले आहे. ज्याचे घर त्याचा कारभार, यात बिघडले काय? हे उत्तर देणारे पुढे असेही सांगतात की, अमेरिकेत वृत्तपत्रे स्वतंत्र राहिली ती खाजगी मालमत्तेच्या आश्रयानेच. मालकी गेली की स्वातंत्र्य गेले! हा सिद्धांत इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की तो तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटेनाशी झाली आहे. ती तपासणी अमेरिकेच्याच इतिहासाच्या आधारे केली पाहिजे.

या इतिहासाचा आरंभ सत्तेच्या दडपशाहीने होतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १६९० साली बॉस्टनमध्ये बेंजामिन हॅरिसने काढलेले पत्र पहिल्याच अंकानंतर वसाहतीच्या सरकारने बंद पाडले. १७३४ साली न्यूयॉर्कच्या गव्हर्नरवर टीका छापल्याबद्दल जॉन पीटर झेंगर या जर्मन निर्वासित मुद्रकाला तुरुंगात टाकण्यात आले. तो महिनोन्महिने कोठडीत असताना त्याची पत्नी अ‍ॅना हिने छापखाना चालू ठेवला. मजकूर खरा असणे हा त्या काळच्या कायद्यात बचाव नव्हता. तरीही १७३५ साली ज्यूरीने कायद्याची ती चौकट झुगारून झेंगरला निर्दोष सोडले. ज्याला आज अमेरिकन वृत्तपत्रस्वातंत्र्य म्हणतात त्याचा पाया एका मुद्रकाने, त्याच्या पत्नीने आणि बारा सामान्य नागरिकांनी घातला.

त्यानंतर वृत्तपत्रे देशभर पसरली ती केवळ बाजाराच्या कृपेने नव्हे. १७९२ च्या टपाल कायद्याने वृत्तपत्राला शंभर मैलांपर्यंत एक सेंट आणि त्यापुढे दीड सेंट इतका अल्प दर ठरवून दिला. पत्रांच्या टपालखर्चाच्या मानाने हे नाममात्रच होते. पत्र कोणत्या मताचे आहे, असा प्रश्न त्या दरात नव्हता. सार्वजनिक तिजोरीतून मुद्रणाला साह्य देता येते आणि तरीही त्याच्या मानेवर सुरी ठेवावी लागत नाही, याचा हा पुरावा त्याच देशात दोन शतकांहून अधिक काळ पडून आहे. बाजाराचे भाट त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

मालमत्ता आणि स्वातंत्र्य यांचे नाते खरोखर कसे होते? १८३७ साली इलिनॉय राज्यातील अल्टन येथे गुलामगिरीविरोधी संपादक एलिजा लव्हजॉय याला जमावाने ठार केले. त्याआधी त्याचे छापखाने एकामागून एक उद्ध्वस्त झाले होते. नवे यंत्र वाचवताना त्याने प्राण दिला. त्या जमावात गावातील प्रतिष्ठितही होते. गुलाम ही त्या काळी मालमत्ताच होती, आणि तिच्या रक्षणासाठी दुसऱ्याचे मुद्रणस्वातंत्र्य पायदळी तुडवताना मालमत्तेच्या पूजकांना संकोच वाटला नाही. गुलामगिरीविरुद्धच्या या झुंजीचे मोल महात्मा फुल्यांनी जाणले होते. १८७३ मधील 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला तो उगाच नव्हे.

१८९२ साली मेम्फिसमध्ये हेच घडले. तीन कृष्णवर्णीय दुकानदारांची जमावाने हत्या केल्यानंतर 'फ्री स्पीच' या लहानशा पत्राच्या संपादिका आयडा बी. वेल्स यांनी अशा हत्यांमागील खोटी कारणे उघडी पाडली. त्यांच्याविरुद्ध जमावाला चिथावणी कोणी दिली? त्याच शहरातील मोठ्या, गोऱ्या मालकीच्या दैनिकांच्या अग्रलेखांनी! वेल्स बाहेरगावी होत्या म्हणून वाचल्या. कचेरी मात्र उद्ध्वस्त झाली. वेल्स यांच्या हाती वृत्तपत्र हे सत्य सांगण्याचे साधन होते. त्या दैनिकांच्या हाती ते प्रस्थापितांचे शस्त्र होते.

आता महापुरुषांकडे वळू. जोसेफ पुलित्झर यांच्या नावाचे पारितोषिक आज पत्रकारितेतील सर्वोच्च मान समजले जाते. त्यांच्या 'वर्ल्ड'ने नेली ब्लाय यांना १८८७ साली वेड्यांच्या इस्पितळात पाठवून तेथील क्रौर्य उजेडात आणले, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात पुलित्झर आणि 'जर्नल'चे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी भडक मथळ्यांनी खप वाढवला आणि त्याच वेळी रस्त्यावर अंक विकणाऱ्या पोरांसाठी शंभर अंकांचा दर ५० सेंटवरून ६० सेंटवर नेला. युद्ध संपल्यावर इतरांनी दर उतरवले. या दोघा श्रीमंतांनी मात्र नाही. जुलै १८९९ मध्ये त्या अनवाणी पोरांनी संप पुकारला आणि दोन्ही पत्रांचा खप झपाट्याने घसरला. सुमारे दोन आठवड्यांनी मालक वाकले. दर तोच राहिला, परंतु न विकलेले अंक परत घेण्याचे त्यांना मान्य करावे लागले. गरिबांचा कैवारी म्हणवणाऱ्या पत्राला स्वतःच्या दारातील गरीब पोर दिसण्यासाठी संप व्हावा लागला!

समाजवादी पत्रांच्या वाट्याला काय आले? कॅन्ससमधील गिरार्डहून निघणाऱ्या 'अपील टू रीझन' या समाजवादी साप्ताहिकाचा खप एके काळी पाच लाखांच्या वर गेला होता. शिकागोच्या कत्तलखान्यांतील कामगारांची दैना सांगणारी अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी १९०५ साली प्रथम याच साप्ताहिकात क्रमशः आली. पुढच्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला. मग पहिले महायुद्ध आले. १९१७ साली व्हिक्टर बर्जर यांच्या 'मिलवॉकी लीडर' या समाजवादी दैनिकाची टपाल सवलत पोस्टमास्टर जनरलने काढून घेतली आणि १९२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ब्रँडाइस आणि होम्स हे दोनच न्यायमूर्ती विरोधात राहिले. १७९२ ची सवलत मत विचारत नव्हती; १९१७ ची विचारू लागली. सत्तेच्या हाती अनिर्बंध अधिकार देऊन मालकशाहीवर उतारा मिळेल असे मानणाऱ्या आमच्या मित्रांनीही हा धडा विसरता कामा नये.

मालकांच्या ढोंगाचा कळस मात्र १९३७ च्या खटल्यात झाला. स्तंभलेखक हेवूड ब्रून यांच्या पुढाकाराने १९३३ साली पत्रकारांची संघटना उभी राहिली. असोसिएटेड प्रेसने मॉरिस वॉटसन या पत्रकाराला संघटनेच्या कामामुळे काढून टाकले. कामगार मंडळाने त्याला परत घेण्याचा हुकूम देताच ही बलाढ्य वृत्तसंस्था न्यायालयात गेली आणि म्हणाली, आम्हाला कामगार कायदा लागू करणे हाच वृत्तपत्रस्वातंत्र्यावर घाला आहे! नोकराला हाकलण्याची मुभा म्हणजे मुद्रणस्वातंत्र्य, असा हा अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, पण पाच विरुद्ध चार अशा केवळ एका मताने.

येथे कोणी वॉटरगेटचा दाखला देईल. १९७१ साली पेंटागॉनची गुप्त कागदपत्रे छापण्याचे आणि पुढे निक्सन यांच्या कारस्थानांचा माग काढण्याचे धैर्य 'पोस्ट'च्या मालकीण कॅथरिन ग्रॅहम यांनी दाखवले, हे निर्विवाद आहे. परंतु १९७५ च्या संपात छपाई कामगारांनी यंत्रांची मोडतोड केल्यानंतर, बिगरसंघटित माणसे नेमून त्यांची संघटना मोडून काढणारे व्यवस्थापनही त्यांचेच होते. मोडतोडीचे समर्थन कोणी करणार नाही. पण चांगला मालक लाभणे हा योगायोग आहे, हमी नव्हे. ग्रॅहम यांच्यानंतर त्याच खुर्चीतून बेझोस यांचे फर्मान निघाले, एवढे पुरे.

आणि ज्या बाजाराने स्वातंत्र्य राखावयाचे, त्याने काय राखले? २००८ साली अमेरिकन वृत्तपत्रांच्या संपादकीय विभागांत सुमारे ७१ हजार माणसे काम करीत होती. २०२० साली सुमारे ३१ हजार उरली. २००५ पासून तीन हजारांहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली. जाहिराती इंटरनेटवरील मूठभर कंपन्यांनी खेचून नेल्या, हे खरे. परंतु उरलेल्यांवर झडप घातली ती गुंतवणूक फंडांनी. 'शिकागो ट्रिब्यून' काढणारी कंपनी २०२१ साली आल्डन ग्लोबल कॅपिटल या फंडाने गिळली आणि लगोलग कर्मचारीकपात सुरू झाली. नगरपालिकेच्या सभेला जाणारा बातमीदार या हिशेबात खर्चाची बाब ठरतो.

तेव्हा वृत्तपत्राला सेन्सॉरपासून जसे संरक्षण हवे तसेच मालकाच्या मर्जीपासूनही हवे. त्याचे मार्ग अमेरिकेच्याच इतिहासात आहेत: मत न विचारणारे सार्वजनिक साह्य, मक्तेदारी रोखणारा कायदा, पत्रकारांची बळकट संघटना आणि वाचकांच्या वर्गणीवर उभे राहिलेले पत्र. आय. एफ. स्टोन यांनी १९५३ पासून सुमारे दोन दशके केवळ वर्गणीदारांच्या बळावर आपले चिमुकले साप्ताहिक चालवले आणि व्हिएतनाम युद्धाबाबतच्या सरकारी थापा सरकारच्याच कागदांतून उघड केल्या. 'पोस्ट'ची वर्गणी रद्द करणाऱ्या दोन लाख वाचकांनी आपला निषेध नोंदवला, हे योग्यच झाले. आता तोच पैसा मालकाविना चालणाऱ्या पत्रांकडे वळला, तरच त्या निषेधाला अर्थ येईल.