आकडा हवा, उपदेश नको

मधुमेह झालेल्या माणसासमोर प्रत्येकास गुरुपद प्राप्त होते, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. कचेरीतील शिपाई कारल्याचा रस सुचवितो, साहेब मेथीचे दाणे सुचवितात, पुण्याहून वडीलबंधू फोनवर ‘भात सोड’ म्हणून बजावतात. या सर्वांचे आपापसांत पटत नाही. एका बाबतीत मात्र संपूर्ण एकमत असते. पाकिटातील तयार अन्न म्हणजे विष! या एकमतालाच आमचा विरोध आहे.

वस्तुस्थिती पाहावी. बदली होऊन लखनौस आलेला केंद्र सरकारचा मराठी नोकर पुष्कळदा एकटा असतो. मुलांच्या शाळेपायी बिऱ्हाड पुण्यास अथवा नागपुरास, आणि हा इकडे अलीगंजात एका खोलीत. केंद्रीय भवनातून सुटून, भाजी घेऊन घरी पोचेतो सात वाजतात. याने रोज ज्वारीची भाकरी थापावी, असे सांगणाऱ्यांनी एकदा दिवसभराच्या फायली उपसून ती स्वतः थापून दाखवावी. तेव्हा हा गृहस्थ एक तर डबा लावतो, नाही तर दुकानातून पाकीट आणतो. इन्शुलिन टोचून घेणाऱ्यास या दोहोंत अधिक भरवशाचे कोणते? लोक म्हणतील, अर्थात डबा. तो घरगुती असतो. आम्ही म्हणतो, पाकीट. कारण त्यावर आकडा असतो.

जेवणानंतर रक्तातील साखर किती चढणार, हे मुख्यतः जेवणातील कर्बोदके ठरवितात. जुन्या पुस्तकांत ज्यांना पिष्टमय पदार्थ म्हणत, तेही यांतच आले. साखर आणि गूळ यांना आपण शत्रू मानतो; पण पोळी, भात, बटाटा यांचीही पोटात गेल्यावर अखेर साखरच होते. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असतात. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच आहे. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण ज्याने केली, त्याला हा हिशेब अर्धा तरी कळला असला पाहिजे. जेवणाबरोबर जलद इन्शुलिन घेणाऱ्यास डॉक्टर प्रमाण बांधून देतात: इतक्या ग्रॅमला एक युनिट. पुढे सारे त्रैराशिक, आणि त्रैराशिकास कारकून कधी भ्यालेला नाही. परंतु त्रैराशिकाला पहिला आकडा लागतो, आणि डब्यात नेमका तोच नसतो.

आमच्या एका सहकाऱ्याने नेहमीच्या चार पोळ्या गृहीत धरून, डबा उघडण्यापूर्वीच इन्शुलिन घेतले. त्या दिवशी पोळ्या दोनच निघाल्या. बाकी पनीर आणि काकडी. गोड नाही, भात नाही, म्हणजे आज पथ्य उत्तम झाले, अशा समाधानाने ते जेवले. दोन तासांनी टेबलाशी बसल्या बसल्या घामाने निथळू लागले, हात कापू लागले, जीभ अडखळू लागली. शेजाऱ्याने प्रसंगावधान राखून तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, म्हणून निभावले. डबेवाल्याला तरी दोष कसा द्यावा? त्याने पनीर घालून उलट पदरमोडच केली होती. ‘हे वर्ज्य, ते पथ्यकर’ या शिकवणुकीने जे होते, ते हे असे.

पाकीट निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. आत टिकविण्याची रसायने असतात, हा आक्षेप मात्र बराचसा अज्ञानाचा आहे. बंद पिशवीतील भाजी किंवा पुलाव टिकतो तो मुख्यतः पिशवी हवाबंद करून दाबाखाली कडक तापविल्यामुळे. आपल्याकडे या तंत्रावर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने फौजेसाठी काम केले. ती प्रयोगशाळा १९६१ सालची आहे. जे सीमेवरील जवानाला चालते, ते धुक्यात सहा तास अडकलेल्या पुष्पक एक्स्प्रेसमधील मधुमेह्यास का चालू नये? खरा दोष मिठाचा आहे; रक्तदाब असणाऱ्याने तेवढी ओळ अवश्य वाचावी. दुसरा दोष लबाडीचा. आकडा शंभर ग्रॅमचा छापतात आणि पिशवी असते तीनशेची. शंभरास २५ ग्रॅम वाचून जो निश्चिंत झाला, त्याच्या पोटात प्रत्यक्षात ७५ गेलेले असतात. आणि हे सारे मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, बहुधा इंग्रजीत.

येथे सरकारचेही चुकते. आम्ही सरकारचेच नोकर, म्हणून हे जरा जपून म्हणतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी कर्बोदकांचा आकडा पाकिटावर सक्तीचा ठेवला, हे चांगलेच झाले. मात्र त्याच नियमांनी मोठ्या उपाहारगृहांच्या खाद्यसूचीवर ठळकपणे मागितले ते उष्मांक. उष्मांक घेऊन इन्शुलिनवाल्याने काय करावे? कबाब आणि शीरमाल यांचे उष्मांक सारखे भरले तरी रक्तातील साखरेवर दोहोंचा परिणाम एक नव्हे. पुढे जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबी यांचे आकडे पाकिटावर ठळक छापण्याचा प्रस्ताव प्राधिकरणाने मंजूर केला. त्यात एकूण कर्बोदके नाहीत! म्हणजे मैद्याच्या बिस्किटावर ‘साखर अत्यल्प’ असे अभिमानाने मिरविण्यास वाट मोकळी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीने देशात १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे सांगितले. एवढ्या लोकांसाठी एक ओळ ठळक होऊ नये?

लखनौला २०२५ मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीचे नगर म्हणून गौरविले. अशा गावी येऊन चौकातले मक्खन-मलई चाखू नका, असे सांगणाऱ्याला हे गाव कळलेच नाही. चाखावे, फक्त किती आणि त्यात काय, हे ठाऊक असावे. इन्शुलिन देणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने कुपीबरोबर मोजण्याचे शिक्षणही द्यावे, आणि कंपन्यांनी सबंध पिशवीचा आकडा दर्शनी बाजूस, हिंदीतही छापावा, ही आमची मागणी आहे.

तोवर परप्रांतीच्या आपल्या मंडळांना एक काम करता येईल. गणेशोत्सवात मोदकांच्या ताटाजवळ एक चिठ्ठी ठेवावी. पिठी किती, गूळ किती, नारळ किती आणि मोदक किती झाले, हे करणाऱ्या वहिनींना पाठच असते. उरतो तो भागाकार, आणि तो करण्यास मंडळात कारकून हवे तितके मिळतील.