मांड, खरारा आणि साठीनंतरची हाडे

धाकटी डहाणूहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. सासऱ्यांचे वय ६७. सारे आयुष्य मच्छीमार बोटीवर तांडेल म्हणून गेले. आता बोट मुलाच्या हाती. मुंबईला राहणारी नात घोडेस्वारीच्या वर्गाला जाते. तो वर्ग एकदा पाहून आल्यापासून आजोबांनी धरले आहे, ‘मलाही शिकायचे.’ घरात आधी हसू झाले, मग वाद झाला. ‘या वयात हे शोभते का, आणि पडले तर निस्तरायचे कोणी?’ असा भगिनींचा प्रश्न आहे.

शोभण्याचा प्रश्न बाजूला ठेवू. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानचे हिरोशी होकेत्सू वयाच्या ७१ व्या वर्षी घोडेस्वारीच्या स्पर्धेत उतरले होते. मात्र हेच गृहस्थ १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही होते. तेव्हा त्यांचा दाखला नवशिक्या आजोबांना तंतोतंत लागू पडत नाही. अधिक उपयोगी उदाहरण डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे आहे. १९४४ साली पोलिओने त्यांचे गुडघ्याखालचे पाय लुळे पडले. घोड्यावर चढण्या-उतरण्यास इतरांची मदत लागे. तरीही १९५२ च्या आणि पुन्हा १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवले. घोड्यावर पायांतील बळापेक्षा बैठक अधिक कामी येते, हे त्यांच्याकडे पाहून पटते.

या बैठकीला आपल्या भाषेत ‘मांड’ म्हणतात. मांड म्हणजे मांड्या घट्ट आवळून बसणे नव्हे. कंबर सैल ठेवावी, भार खाली जाऊ द्यावा आणि घोड्याच्या चालीबरोबर शरीर हलू द्यावे. घोडा कदम चालीने चालतो, तेव्हा स्वाराचा कटिभाग पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वळत असा तिन्ही अंगांनी हलतो. आपण पायी चालताना होणाऱ्या हालचालीशी ही हालचाल पुष्कळ जुळते. त्यामुळेच पाश्चात्त्य देशांत तोल आणि चाल सुधारण्यासाठी घोड्याचा उपयोग उपचार म्हणून होतो. ज्येष्ठांवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष आशादायक असले, तरी ते अभ्यास लहान आहेत; त्यांवर फार मोठी इमारत उभारू नये.

हलत्या बोटीवर चाळीस वर्षे उभे राहिलेल्या तांडेलाला सैल गुडघ्यांनी तोल सांभाळणे निराळे शिकवावे लागणार नाही, ही जमेची बाजू. मात्र बोटीवर तो उभा असतो, घोड्यावर बसायचे असते. त्यासाठी खुबे बाहेरच्या अंगाला उघडावे लागतात, आणि वयोमानाने खुबे आखडलेले असतात. खुर्चीवर बसून गुडघे सावकाश बाहेर नेण्याचा साधा व्यायाम महिनाभर आधी सुरू करावा.

आता पडण्याविषयी. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि इथेच बहुतेक घरांत घोडे पेंड खाते. घोड्याची उंची खांद्याशी साडेचार-पाच फूट असते. त्यावर बसलेल्याचे डोके सुमारे आठ फुटांवर जाते. तिथून पडणे तरुणालाही जड जाते. तेव्हा ‘वय किती’ यापेक्षा ‘पडलेच तर काय मोडेल आणि काय वाहील’ हे आधी विचारावे. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्या. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर घोड्यावर बसण्याचा विचार सोडून द्यावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याला लागलेला साधा मारही आतल्या रक्तस्रावामुळे जिवावर बेतू शकतो. कृत्रिम खुबा, अलीकडे झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया, वारंवार येणारी भोवळ, काबूत नसलेला रक्तदाब, मधुमेहाने बधिर झालेली पावले (रिकिबीत पाऊल कुठे आहे हेच कळत नाही) यांपैकी काहीही असल्यास आपल्या डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्यावाचून चढू नये. गवताच्या धुळीने दमा उसळणाऱ्यांनी तर तबेल्याच्या दारातच विचार करावा.

एवढे वाचून सुनेला वाटेल, विषय संपला. तसे नाही. चांगल्या तबेल्यात शिक्षणाचा आरंभ घोड्याच्या पाठीवर होतच नाही. तो जमिनीवर होतो. वृद्धांसाठी या विद्येतला मोठा लाभ जमिनीवरच्या भागात आहे, असे माझे मत आहे.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात. त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. फक्त थेट मागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. म्हणून आधी आवाज देऊन, खांद्याच्या बाजूने सावकाश जवळ जायचे. मागून जायचे नाही. मग खरारा. गोल गोल हात फिरवत मान, खांदा, पाठ घासायची, नंतर ब्रशाने धूळ झाडायची. यात खांदा वर-खाली पुरा फिरतो, बोटांची पकड वापरली जाते आणि उभे राहून तोलही सांभाळावा लागतो. फिजिओथेरपीचे तेच ते व्यायाम कंटाळून सोडणारा माणूस खरारा अर्धा तास आनंदाने करतो. पुढे लगाम, खोगीर आणि तंग यांची ओळख, घोड्याला हातात धरून रिंगणात चालवणे, थांबवणे, वळवणे. चारशे किलोंचा प्राणी आपल्या श्वासाबरोबर शांत होतो वा बिथरतो, हे अनुभवताना नव्याने निवृत्त झालेल्या माणसाचे रिकामपण बरेच भरून निघते. खूर साफ करण्यासाठी वाकणे आणि खोगीर उचलणे ही कामे मात्र मोतद्दारावर सोपवावीत. कंबर आपली आहे.

शिकायचे कोठे? किनाऱ्यावर किंवा माथेरानला कोणीतरी लगाम धरून घडवलेली फेरी म्हणजे शिक्षण नव्हे. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने तिथले घोडे रोजच्या कामाचे आहेत. पण प्रवासी तिथे ओझ्यासारखा बसून येतो. शिकवणारी जागा हवी. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासून आहे. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल येते, त्यामुळे दादरला गाडी बदलून महालक्ष्मी गाठता येते. परंतु जाण्या-येण्यात मिळून पाचएक तास जातात. माझ्या मते घोड्यापेक्षा हा प्रवासच आजोबांना अधिक थकवील. आदल्या रात्री नातीकडे मुक्काम करावा आणि सकाळी उन्हाआधी तबेल्यात जावे, हे बरे.

जागा कोणतीही असो, पैसे भरण्यापूर्वी एक फेरी नुसती पाहण्यासाठी मारा. घोड्यांच्या पाठीवर जखमा आहेत का? पाणी स्वच्छ आहे का? चढण्यासाठी पायऱ्यांचा ठोकळा आहे का? जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढताना डाव्या गुडघ्यावर सारा भार येतो. साठीनंतर ते टाळावे. शिक्षक पहिल्या धड्यांत दोर स्वतःच्या हाती ठेवणार का, आणि हेल्मेटवाचून कोणी घोड्यावर दिसते का, तेही बघा. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे. साडेतीनशे किलोंच्या घोड्याला सत्तर किलो पुष्कळ झाले. आजोबांचे पोट सुटले असेल, तर मोठा घोडा मागावा.

बरोबर जाणाऱ्यांसाठीही शिस्त आहे. रिंगणाबाहेर बसा, छत्री फटकन उघडू नका, ओढणी फडफडू देऊ नका आणि ‘बाबा, सांभाळा!’ अशी हाक तर मुळीच नको. ती हाक घोडाही ऐकतो. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल, तर उतरताना खालची जमीन पुसट दिसते. ठोकळ्यावरच उतरू द्या आणि शेजारी मोतद्दार उभा असू द्या. चपला नकोत, किंचित टाच असलेले बूट हवेत. तबेल्याच्या मातीत आणि लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. दहा वर्षांत लस झाली नसेल, तर आधी टोचून घ्यावी. मधुमेह्यांनी उपाशी जाऊ नये, खिशात साखर ठेवावी. ती घोड्यासाठी नव्हे.

पहिला धडा वीस मिनिटांचा आणि केवळ कदम चालीचा असावा. दुडकी चाल शरीराला दणके देते, तिची घाई नको; कित्येकांना तिची गरजही पडणार नाही. दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या आतल्या बाजूला ठणका लागेल. कोमट पाण्याचा शेक आणि थोडे चालणे यांनी तो दोन-तीन दिवसांत जातो. जांघेत किंवा कण्यात एकाच जागी दुखत राहिले, रात्री झोपमोड झाली किंवा पायाला मुंग्या आल्या, तर पुढच्या धड्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.