अक्कांनी घेतलेली परीक्षा

आमच्या कॉलेजच्या वाटेवर एक अक्का मिरचीभजी तळतात. पूर्वी त्या भजी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर देत. छापील कागदात अन्न बांधू नका, शाईतली रसायने अन्नात उतरतात, असा इशारा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्येच दिला आहे. मी पडलो रसायनशास्त्राचा मास्तर, गप्प कसा बसणार? "अक्का, चकचकीत कागदी प्लेटी आणा. कागदच तो, प्लास्टिक नव्हे," असे ठासून सांगितले. माझ्या शब्दाखातर त्यांनी पदरचे पैसे घालून गठ्ठा आणला.

महिन्याभराने अक्कांनी रात्रभर बादलीत भिजलेली एक प्लेट माझ्यापुढे धरली. कागदाचा लगदा झाला होता आणि हाती उरला होता पातळ, पारदर्शक पापुद्रा. "इदू प्लास्टिक अल्लेन्री सर?" मी निरुत्तर!

कागद म्हणजे सेल्युलोजच्या धाग्यांची जाळी. पाणी ती शोषून घेते, तेल तिच्या छिद्रांतून झिरपते. म्हणून आतून बहुधा पॉलिथीनचा थर देतात. चहाच्या कागदी कपातही तोच. असल्या कपात 100 मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटे ठेवले, तर सुमारे 25 हजार सूक्ष्म प्लास्टिककण त्यात उतरतात, असे खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना 2020 मध्ये आढळले.

याला पर्याय शोधणे चालू आहे. मक्याचा स्टार्च, मक्यातलेच झाइन हे प्रथिन, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान यांचा पातळ लेप कागदावर देतात. कायटोसान सौम्य आम्लात विरघळते, वाळल्यावर छान पापुद्रा धरते आणि तेल अडवते. ओलाव्यापुढे मात्र ते लंगडे पडते, म्हणून जोडीला मेणाचा थर द्यावा लागतो. शिवाय शाकाहारी घरांना कवचाचा लेप चालेल का, हाही प्रश्न आहेच. मक्याच्या साखरेपासून केलेले पीएलए बाजारात मिळते, पण ते कुजायला कंपोस्टच्या कारखान्यातली साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. आपल्या उकिरड्यावर ती कुठली?

गंमत म्हणजे निसर्गाने हा लेप केव्हाच करून ठेवला आहे. केळीच्या पानावरून पाण्याचा थेंब घरंगळतो, तो क्युटिन नावाच्या नैसर्गिक पॉलिमरमुळे आणि त्यावरच्या मेणामुळे. आपण ज्याला नुसते 'बाळे एले' म्हणतो, ते लेप दिलेले तयार वेष्टनच की!

अक्का आता पळसाच्या पानांचे द्रोण वापरतात. उरलेल्या प्लेटी मी विकत घेतल्या. दरवर्षी पहिल्या तासाला विद्यार्थ्यांपुढे त्यातली एक भिजत घालतो आणि ही परीक्षा माझी कुणी घेतली, तेही सांगतो.

वाचकहो, कुणी "कागदच आहे" म्हणाले, तर तुम्हीही एक रात्र भिजवून पाहा. पापुद्रा हाती आला, तर तो कशाचा, हे दुकानदाराला जरूर विचारा.