कयाक निवडताना आधी गुडघे बघा

जुनी क्रीक बोट (खडकाळ, उताराच्या नदीची कयाक) घेऊन तिची सी-वन, म्हणजे गुडघ्यांवर बसून एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची एकट्याची बोट, करायची आहे, कोणती घ्यावी? हंगाम जवळ आला की वाचक हे हमखास विचारतात. सोबत डॅगरची नोमॅड, लिक्विडलॉजिकची रीमिक्स अशी नावंही असतात. दोन्ही बोटी उत्तम आहेत. तरी नुसत्या नावावर बोट घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पूर्वी पर्सेप्शनची जायरामॅक्स, डॅगरची ॲटम अशा प्लास्टिकच्या सी-वन तयार मिळत. आता बहुतेकांना कयाकच बदलून घ्यावी लागते, आणि कयाक बेतलेली असते पाय पुढे पसरून बसणाऱ्यासाठी. गुडघ्यांवर बसलं की शरीर बरंच वर जातं आणि बोट डुलायला लागते. त्यातून वल्ह्याला पातं एकच, म्हणजे दुसऱ्या बाजूला तोल गेला तर आधार उशिरा मिळतो. म्हणून रुंद, गोलसर तळाची बोट घ्या. धारदार कडांची बोट कयाकरला आवडते, पण गुडघ्यांवर बसणाऱ्याला ती फार दमवते. वजनाच्या तक्त्यात दोन मापांच्या मध्ये असाल, तर मोठं माप घ्या.

कॉकपिट मात्र दुकानातच तपासा. आत गुडघे टेकून बसा, मग हाताचा आधार न घेता दोन्ही गुडघे एकदम बाहेर काढून बघा. मांडी कडेला अडकली तर ती बोट तिथेच सोडा, कितीही स्वस्त मिळत असली तरी. पावलं मोठी असतील तर टाचा सॅडलखाली, म्हणजे गुडघ्यांवर बसताना टेकायच्या उंच बैठकीखाली, मावतात का, तेही बघा. सॅडल 18 ते 20 सेंमी उंच ठेवली तर बहुतेकांचे घोटे टिकतात. आणखी खाली आणली तर तोल सुधारतो, पण तासाभरात पाय बधिर होतात.

डेकखालचा पुढचा मधला खांब काढू नका. खडकावर दाब आला की डेक त्याच्याच जोरावर तग धरते. पॉलिथिनला गोंद नीट धरत नाही, तेव्हा सॅडल निव्वळ चिकटवण्यावर न सोडता मूळ सीटच्या बोल्टांना बांधा. उरलेली भोकं बुजवा.

सॅडलची जागा घाईने पक्की करू नका. पुढे असलेलं पायांचं वजन आता मांडीखाली आणि मागे आलेलं असतं, त्यामुळे मूळ सीटच्या जागीच बसलात तर बोट मागे दबते आणि ड्रॉपखाली नाक वर उचलून मागे खेचली जाते. संथ पाण्यात बोट सोडा, मित्राला काठावरून दोन्ही टोकं बघायला सांगा आणि सॅडल थोडी थोडी पुढे सरकवत जा. बोट सपाट बसली की मगच बोल्ट आवळा.

कोलाडला भिऱ्याच्या वीजकेंद्रातून पाणी सुटतं तेव्हा कुंडलिकेवर अशी बोट शिकायला चांगली संधी मिळते. पण त्याआधी तलावात, मांडीचे पट्टे बांधून आणि स्प्रेस्कर्ट (कॉकपिटमध्ये पाणी येऊ न देणारं आवरण) लावून, बोट मुद्दाम उलटी करून बघा. पट्टा एका ओढीत सुटला नाही तर तो बदला, आणि तोवर बोट नदीत घालू नका.