लेखणी आपली, हिशेबही आपला

31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा बाबासाहेब अवघे 28 वर्षांचे होते. पुढे 1927 मध्ये सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' मात्र 1929 मध्ये पैशाअभावी बंद पडले. विचार कितीही तेजस्वी असो, अर्थबळ नसेल तर आवाज थांबतो. आज आपली मुलेमुली मोबाइलवर भीमगीते ध्वनिमुद्रित करतात. हक्क आणि उत्पन्न मात्र पुष्कळदा दुसऱ्याच्या हाती जाते. 1957 चा कॉपीराइट कायदा शब्द, चाल व ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे मानतो, हे किती गायकांना ठाऊक असते? म्हणून वसतिगृहात गायनाबरोबरच करारपत्र वाचणे आणि जमाखर्च लिहिणेही शिकवले जावे, असे आम्हांस वाटते. स्वतःच्या कलेवर सचोटीने जगणे, हीदेखील सम्यक आजीविकाच होय.