उबंटू सोडण्याआधी



गेल्या अंकातील पत्रातला ‘उबंटू सोडा, मिंट घ्या’ हा सरसकट सल्ला मला पटला नाही. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती उबंटूच्याच पायावर उभी आहे; मिंट २२ चा पाया उबंटू २४.०४. आतला बराचसा सांगाडा तोच. बदलतो तो मुख्यतः डेस्कटॉप, आणि अॅप बसवण्यासाठी स्नॅपऐवजी फ्लॅटपॅक या पद्धतीकडे असलेला कल. स्नॅप नकोच असेल तर मिंट जरूर घ्यावं, पण केवळ मेनूच्या मांडणीसाठी चालतं यंत्र पुसू नये.

बदलाचं खरं कारण म्हणजे सुरक्षेच्या अपडेट्सची मुदत. उबंटू २०.०४ ची नेहमीची मुदत मे २०२५ मध्ये संपली. त्यावर जे अजून आहेत त्यांनी हलायलाच हवं. आणि मुदतीवरही डोळे मिटून विसंबू नये. सेंटॉस ८ हे लिनक्स लोकांनी २०२९ पर्यंत चालेल म्हणून बसवलं, ते २०२१ अखेर बंद झालं आणि अनेकांना अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्सकडे जावं लागलं.

बदलायचं ठरलं तरी आधी तपासणी हवी. आमच्या बडोद्यातल्या समासारख्या भागातल्या मराठी घरांत एकाच संगणकावर मराठी आणि गुजराती दोन्ही टाइप करावं लागतं. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून दोन्ही इन्स्क्रिप्ट कळफलक, जोडाक्षरं, प्रिंटर आणि वायफाय तपासावं. हे सगळं नीट चाललं आणि फाइलींची प्रत बाहेर काढून ठेवली, तरच बदलावं.

पत्रलेखकांना विनंती, पुढच्या वेळी एखाद्या लिनक्सचं नाव सुचवताना त्याच्या अपडेट्सची मुदतही लिहा.

— एक वाचक, समा, बडोदा