यंत्राची रात्रपाळी

लातूरहून बार्शीकडे निघालात की मुरुड लागतं. इथल्या शेतकऱ्याच्या घरी एक शब्द हमखास कानावर पडतो, 'ऑटो'. तीन चाकांची रिक्षा नव्हे बरं का! मोटारीच्या स्टार्टरला जोडलेला हा एक छोटा डबा. लाईट रात्री एकला येवो की तीनला, ऑटो लावलेला असला की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू होते. तेवढ्यासाठी अंधारात रानात जायला नको. पण दारं धरायला मात्र माणूस लागतोच. एक सरी भरली की पाणी दुसरीत सोडायचं, पाट फुटला तर बुजवायचा, हे त्या डब्याला कुठलं कळायला?

आज आपण बघणार आहोत तो ऑटो दुर्बिणीवर बसवलेला आहे. आणि गंमत अशी, की तो थोडंफार दारंसुद्धा धरायला शिकलाय.

कोल्हापूर जिल्ह्यात कुरुंदवाड नावाचं गाव आहे. तिथे १९५६ साली जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आज जगातल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञांपैकी एक आहेत. २०२४ साली त्यांना खगोलशास्त्रातला मानाचा शॉ पुरस्कार मिळाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये पालोमार नावाचा डोंगर आहे. तिथल्या एका जुन्या दुर्बिणीला नवा कॅमेरा लावून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. त्याचं नाव झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी. नाव लांबलचक आहे, काम मात्र सोपं. रोज रात्री आकाशाचे फोटो काढायचे आणि काल नव्हतं ते आज काय दिसतंय, ते शोधायचं.

तुम्ही मासिकात 'दोन चित्रांतले फरक शोधा' हे कोडं सोडवता ना? अगदी तेच! फक्त चित्र केवढं, तर एका फोटोत दोनशेहून जास्त पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं. संगणक जुना फोटो नव्यातून वजा करतो आणि उरलेले ठिपके पुढे पाठवतो. असे ठिपके एका रात्रीत लाखांच्या घरात निघतात. त्यात लघुग्रह असतात, तेज कमी-जास्त होणारे तारे असतात, कॅमेऱ्याने खाल्लेले घोटाळे असतात, आणि क्वचित कुठेतरी खरा सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन मरणारा तारा.

हे निवडायचं कुणी? बरीचशी चाळणी संगणक करायचा, पण शेवटी डोळे माणसांचेच. विद्यार्थी आणि शास्त्रज्ञ पडद्यासमोर बसून एकेक ठिपका बघायचे. तांदूळ निवडावेत तसंच. सहा वर्षांत या निवडण्यात सुमारे २,२०० तास गेले, असा त्यांचाच अंदाज आहे.

मग त्यांनी बीटीएसबॉट नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता तयार केली. 'असं असेल तर सुपरनोव्हा' असे नियम तिला कुणी पाठ करून दिले नाहीत. सुमारे १४ लाख चित्रं दाखवली, कोणतं खरं आणि कोणतं फसवं ते सांगितलं, आणि फरक तिचा तिने ओळखायला शिकावा असं केलं. लहान बाळाला कुत्रं आणि मांजर आपण असंच शिकवतो. व्याख्या कोण सांगत बसतं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये परीक्षेचा दिवस आला. ३ तारखेच्या फोटोत एक नवा ठिपका होता. ५ तारखेला बीटीएसबॉटने तो हेरला आणि पालोमारवरच्याच दुसऱ्या स्वयंचलित दुर्बिणीला सांगितलं, 'याच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखव.' ते रंग तिसऱ्या एका संगणक कार्यक्रमाने वाचले आणि सुपरनोव्हाची जात ठरवली, 'वन-ए'. ७ तारखेला बातमी जगभरच्या शास्त्रज्ञांना गेलीसुद्धा. शोधणं, तपासणं, ओळखणं, कळवणं, या सगळ्या साखळीत माणसाचा हात कुठेच लागला नाही. असं पहिल्यांदाच घडलं.

वन-ए जातीचं एवढं कौतुक का, तेही सांगतो. हे स्फोट साधारण सारख्याच तेजाचे असतात. सगळे बल्ब साठ वॅटचेच आहेत हे माहीत असलं, तर मंद दिसणारा बल्ब लांबचा, हे कळतं की नाही? तसं या ताऱ्यांवरून विश्वातली अंतरं मोजतात.

पण पालोमारला सूर्य उगवला की काय करायचं? ठिपका काही आपल्यासाठी थांबत नाही. पण तिकडे उजाडतं तेव्हा आपल्याकडे रात्र पडते! लडाखमध्ये हानले इथे, साडेचार हजार मीटर उंचीवर, म्हणजे कळसूबाईच्या पावणेतीन पट, 'ग्रोथ-इंडिया' ही दुर्बीण २०१८ पासून आहे. आरसा फक्त ७० सेंटिमीटरचा. मुंबईची आयआयटी आणि बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी ती उभारली. संशोधनासाठीची आपल्या देशातली ही पहिली पूर्ण स्वयंचलित प्रकाशीय दुर्बीण. तिथे हवा विरळ आणि थंडी हाडं गोठवणारी. माणसाने रात्रभर कुडकुडत बसण्यापेक्षा यंत्राने जागावं हेच बरं. फेब्रुवारी २०२२ मध्ये पालोमारच्या कॅमेऱ्याला एक विलक्षण झगमगाट दिसला, तेव्हा हानलेच्या दुर्बिणीनेही त्यावर नजर ठेवली. एका महाकाय कृष्णविवराने तारा फाडून खाल्ला होता. तो उजेड आपल्यापर्यंत यायला साडेआठशे कोटी वर्षं लागली!

प्रयोगशाळेतही हेच चाललंय. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या विद्यापीठात माणसाएवढा उंच, एका हाताचा रोबो २०२० मध्ये आठ दिवसांत ६८८ प्रयोग करून बसला. पाण्यापासून हायड्रोजन मिळवायला मदत करणारं, आधीपेक्षा सहापट चांगलं मिश्रण त्याने शोधलं. पुढचा प्रयोग कोणता, हेही तोच ठरवत होता. मात्र कोणते पदार्थ वापरून बघायचे, ते त्याला माणसांनीच नेमून दिलं होतं.

आता आई-बाबा विचारतील, 'मग आमच्या पोरांनी विज्ञान शिकून करायचं काय?' प्रश्न रास्त आहे.

त्याचं उत्तर पुन्हा दारं धरण्यात आहे. बीटीएसबॉटला जे दाखवलं, ते तो ओळखतो. कधीच न दाखवलेलं समोर आलं तर? १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल ही विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीतून निघणारा कागद वाचायची. रोज साधारण तीस मीटर कागद! त्यात एकदा तिला बारीकशी कचऱ्यासारखी खूण दिसली. ओळखीच्या कशातच ती बसेना. दुसरं कुणी सोडून दिली असती, ती पिच्छा पुरवत राहिली, आणि पल्सार नावाचे तारे सापडले. ओळखीचं तेवढंच निवडणाऱ्या यंत्राने ही खूण बहुधा टाकूनच दिली असती. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या हॅनी व्हॅन आर्केल या शाळेच्या बाई घरच्या संगणकावर दीर्घिकांचे फोटो बघत होत्या. एका फोटोत निळसर डाग होता. 'हे काय आहे?' एवढंच त्यांनी विचारलं. तो निघाला दीर्घिकेएवढा चकाकणारा वायूचा ढग!

एक काम तर तुम्ही आपल्या गच्चीवरूनही करू शकता. थंडी पडली की रात्री नऊ-दहाच्या सुमाराला पूर्वेला मृग नक्षत्र बघा. त्याच्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात तांबूस तारा आहे, तो काक्षी. समोरच्या कोपऱ्यात निळसर पांढरा राजन्य. थोडं वर रोहिणी. दर आठवड्याला वहीत तारीख घाला आणि काक्षी राजन्यापेक्षा किती फिका आणि रोहिणीपेक्षा किती उजळ दिसतो, ते लिहा. तिन्ही तारे चांगले वर चढल्यावरच बघा हं, क्षितिजाजवळचा तारा नेहमीच मंद वाटतो. २०२० च्या फेब्रुवारीत काक्षीचं तेज नेहमीच्या निम्म्याहून खाली गेलं होतं आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत होतं. पालोमारच्या त्या कॅमेऱ्याला मात्र हे काम जमत नाही. काक्षी इतका तेजस्वी आहे की त्याचे डोळे दिपतात! म्हणूनच जगभरची हौशी मंडळी या ताऱ्याची नोंद आजही स्वतः बघून ठेवतात.